शेटीणीची थरथर

नेर, ११ जानेवारी १९५९

काल यवतमाळले देवीलाल मिस्त्रीच्या दुकानात मोटार दाखवली. तो म्हणे, "बाई, ही कवा थरथरते, कोण्या रस्त्यावर, काटा कितीवर असताना, हे जरा पाहून ठेवत जा. डोमाजीभाऊ तं मले धड काही सांगतच नाही." पाहून ठेवीन, पण ध्यानात ठेवायले माझं डोकं रिकामं नाही. म्हणून लिहून राह्यली. दीक्षा घेतल्यावर प्रौढ वर्गात जाऊन बसली, अक्षरं गिरवली, त्याचा काही तरी उपयोग झाला पाह्यजे. मास्तरीणबाई म्हणत, रोज चार ओळी लिहा मथुराबाई. रोज लिहिण्यासारखं घरात काय होते? भाकरी होतात.

तर मोटार. आमच्या मालकानं, म्हणजे डोमाजीनं, सारी जवानी एका जिनिंगवाल्या शेटची मोटार चालवली. शेटनं नवी घेतली अन् ही जुनी यांच्या गळ्यात घातली. वर कापडी टप, समोर बटाट्यासारखे दोन दिवे. मी तिले शेटीण म्हणतो. तिले सारं वेळेवर लागते, पाणी, तेल, पुसून घेणं. हे तिच्यात नेर-यवतमाळ सवारी नेतात.

रोग असा आहे. काटा पंचवीसवर आला अन् त्यात रस्त्यात गड्डा लागला का समोरची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी फडफडतात. स्टेरिंग हातात जिवंत मासा धरल्यासारखं झटके मारते. गाडी पुरी थांबवली तवाच थांबते. काल लोहाऱ्याच्या अलीकडं असंच झालं. मागं बसलेली म्हातारी कोंबडी काखोटीले मारून उतरून गेली. म्हणे, "मी पायी जातो बाप्पा, मले अन् माह्या कोंबडीले अजून मरायचं नाही." हे हसून राह्यले. मी म्हणलं, "हसता काय?" तं म्हणे, "शेटीणले थंडी वाजते वं."

हसण्यासारखं काहीच नाही. आमची एकुलती पोरगी सत्यशीला राजूरले दिली आहे, जावई धर्मपाल कोळशाच्या खाणीत आहे. पोरीले पाचवा महिना सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी होते, मार्चात तिले आणायचं आहे. लग्नानंतर ती एस्टीत बसून रडून राह्यली होती, तवा यांनी खिडकीतून तिचा हात धरून सांगतलं, "बाई, पुढच्या वेळी तुले बापाच्या मोटारीत आणीन." आता त्या शब्दावर अडून बसले. मी म्हणलं एस्टीनं आणू, तं जेवले नाही.

पोटुशी पोर अन् हे फडफडणारं चाक. मी तं नाही बसू देणार.

१४ जानेवारी

मिस्त्रीचं पहिलं म्हणणं, दोन चाकांत हवा सारखी नसन. हवा भरली. डावं चाक नरम होतं, ते टणक केलं. यवतमाळले जाताना शेटीण चूप. येताना पुन्हा सुरू. काटा अठ्ठावीस, गड्डा लहान.

घरी आल्यावर यांना चहा दिला. अर्धा बशीत, अर्धा धोतरावर. मी बोलली, "लहान लेकरू आहे का?" यांनी कप खाली ठेवून बशीच दोन्ही हातांनी उचलली. मागं तं एका हातानं स्टेरिंग धरून दुसऱ्या हातानं चहा पेत, मले दाखवायले.

२५ जानेवारी

आज यांनी शेटीणच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं पोरीचं नाव लिहिलं. सकाळपासून बसले होते. स हे अक्षर एवढं मोठं का दुरून दिसन. मग त्य त्याच्याहून लहान. शी त्याच्याहून. ला तं मुंगीएवढा. मी म्हणलं, "जागा संपली का? एवढी पाठ मोकळी पडली आहे." म्हणे, "बरुश खराब होता." बरुश मी पाह्यला, नवा होता. शेटच्या गोदामावर यांनीच पाटी लिहिली होती, फुटपट्टीसारखी अक्षरं. म्हातारे होऊन राह्यले, दुसरं काय.

आणखी एक. तंबाखू सोडली म्हणतात, पण ओट्यावर बसले का अंगठा बोटावर चालूच. उजवा हात. मळून राह्यले, मळून राह्यले. मी जाऊन मूठ उघडली. आत काहीच नाही. "रिकामी तंबाखू मळता का?" म्हणलं. म्हणे, "सवय आहे वं, जाईन."

२ फेब्रुवारी

मिस्त्रीनं टायर खोललं. आतून फाटलं होतं म्हणून चामड्याचा तुकडा लावला होता, एकाच बाजूले. चाकाची ती बाजू जड झाली. म्हणून फिरताना उड्या मारते म्हणे. तुकडा मीच लावून आणला होता. मोच्याले सांगतलं होतं, चांगला जाड दे, चपलीच्या दुहेरी तळासारखा. त्यानं दिला. आता मले काय माहीत, चाकाले वजनाचं एवढं कळते म्हणून. तुकडा काढला, दुसरं टायर चढवलं. थरथर निम्मी झाली. निम्मी राह्यली.

मग मिस्त्रीनं चाक अधांतरी उचललं, वरून-खालून धरून हलवलं. टकटक वाजलं. म्हणे, "हे पाह्य बाई, किंगपिन खाल्ला गेला." किंगपिन म्हणजे एक उभा खुंटा, त्याच्यावर चाक डावं-उजवं वळते. मी म्हणलं, "हे तं आमचं जातं आहे." जात्याचा खुंटा झिजला का वरची पाळू अशीच डुलते. मिस्त्री म्हणे, खरादावर कातून नवीन पितळेची बुश, खुंट्याभोवतीची नळी, करा लागन, खरादवाला गावाले गेला, पंधरा-वीस दिवस थांबा.

पंधरा-वीस दिवस! जात्याचा खुंटा ढिला झाला तं आपण काय पंधरा दिवस दळण थांबवतो? तेलाची चिंधी ठोकतो अन् दळतो.

३ फेब्रुवारी

हे आंघोळीले गेले तवा मी शेटीणच्या खाली निजून दोन्ही खुंट्याच्या फटीत चिंध्या ठोकल्या. जुन्या लुगड्याचा काठ, तेलात भिजवलेला. वाटलं, किती सोपं.

गावाबाहेर पह्यल्या वळणावर स्टेरिंग वळलं ते परत सरळच झालं नाही. शेटीण रस्ता सोडून थेट बाभळीच्या कुंपणात. लागलं कोणाले नाही. काटे टपात घुसले अन् माझ्या केसात. सवारी नव्हती हे बरं.

यांनी खाली वाकून पाह्यलं. काठ ओढून काढला. हिरवा, नारळी बुट्ट्याचा. मले वाटलं आता ओरडन. ओरडले असते तं बरं वाटलं असतं. ते खाली बसूनच म्हणे, "हे लुगडं तुले मी शेटच्या पोराच्या लग्नात आणलं होतं." मग माझ्या केसातले काटे काढायले लागले. लय वेळ लावला. एक काटा धरे अन् सुटे, धरे अन् सुटे. मीच म्हणलं, "सोडा, मी काढतो, तुमच्यानं होत नाही." त्यांनी हात खाली घेतला अन् खिशात घातला.

असं बोलायले नको होतं. पण बोलली.

१२ फेब्रुवारी

आज मले समजलं.

जेवताना पाह्यलं. घास उचलला तवा हात ठीक. हात मांडीवर ठेवला का लागला थरथरायले. अगदी शेटीणच्या चाकासारखा, डावा-उजवा. मी म्हणलं, "अहो, ही थरथर तं मोटारीची आहे!" रोज दिवसभर ते झटके हातात घेतात, ते हातात भिनले. कापूस पिंजणाऱ्याच्या कानात नाही का घरी आल्यावरही धनुकली वाजत.

यांनी माझ्याकडं पाह्यलं. मग हसले. लय दिवसांनी असे हसले. "असं म्हणते का तू?"

"मंग काय! मोटार दुरुस्त झाली का हात थांबन."

"तू म्हणते तं खरं असन," म्हणे.

तिळाचं तेल कोमट केलं अन् उजवा हात चोळून दिला, कोपरापासून बोटांपर्यंत. झोप लागली त्यांना. झोपल्यावर हात एकदम चूप. पाह्यलं ना, माझं खरं आहे. स्टेरिंग सुटलं का थांबते.

१९ फेब्रुवारी

यवतमाळ. खरादवाला आला, पितळेच्या बुशा बसल्या, नवा खुंटा बसला. आता चाक धरून हलवलं तं दगडासारखं.

मग मिस्त्री खाली निजला, स्टेरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे गोळे, म्हणजे सांधे, तपासायले. यांना वर बसवलं. खालून म्हणे, "भाऊ, स्टेरिंग सीधा धरून ठेवा. हलवू नका." हे धरून बसले. थोड्या वेळानं खालून आवाज, "हलवू नका म्हणलं ना जी." हे म्हणे, "नाही हलवून राह्यलो." मिस्त्रीनं एक गोळा आवळला. पुन्हा म्हणे, "दांडी अजून हलून राह्यली. कोण हलवून राह्यलं?" दुसरा आवळला. तरी तेच. यांच्या कपाळावर घाम, उन्हात बसल्यासारखा, अन् दुकानात तं सावली.

मले राहवलं नाही. "उतरा," म्हणलं, "मी धरतो." मी बसली अन् धरलं. मिस्त्री खालून पुन्हा 'हलवू नका' म्हणला नाही. मग बाहेर आला, चिंधीनं हात पुसले, पुसतच राह्यला. यांच्या हाताकडं पाह्यलं. हे दुसरीकडं पाहून राह्यले होते.

"ठीक आहे आता?" मी विचारलं.

"हो बाई. गोळ्यात काही खराबी नव्हती. तुमी मजबूत धरलं."

पाह्यलं? धरायचं कसं ते बायकांकडून शिका. हे तं नरम माणूस, पहिल्यापासून नरम.

२० फेब्रुवारी

राह्यलेली जी थोडी थरथर होती ती स्प्रिंगच्या पाट्यांमुळं. समोरच्या पाट्या जुन्या होऊन बसल्या, त्यानं चाकाचा आस वाकडा टेकला होता. मिस्त्रीनं पाटीखाली लोखंडाची पाचर घातली. कुदळीच्या दांड्यात घालतो तशी. तेवढीच. काटा चाळीस, गड्डा मोठा, अन् शेटीण पाण्यावरच्या नावेसारखी. मी मोठ्यानं हसली. हे नाही हसले. म्हणे, "आता तं हिच्यात काही दोष राह्यला नाही."

मी म्हणलं, "मंग तोंड पाडून काहून बसले? आता हातही थांबन."

८ मार्च

राजूर. जावयाच्या खोलीत बसून लिहून राह्यली. माझं डोकं तापलेलं आहे.

काल अचानक देवीलाल मिस्त्री नेरले आला. म्हणे, "मले वणीत काम आहे, तुमच्या मोटारीत येतो. चालवतोही मीच, भाऊले आराम." फुकटची सवारी! मी तं नाही म्हणणारच होती, पण यांनी चावी काढून दिली. शेटच्या पोरालेही यांनी कधी स्टेरिंगले हात लावू दिला नव्हता. अन् ज्या दिवसासाठी एवढं सारं केलं त्या दिवशी मागं गाठोड्याजवळ जाऊन बसले!

करंजीच्या पुढं मी मागं वळून म्हणलं, "पोरीले काय शब्द दिला होता? बापाच्या मोटारीत, बापानं चालवून." म्हणे, "मोटारीत म्हणलं होतं वं. चालवून म्हणलं नव्हतं."

मिस्त्री वणीत उतरलाही नाही. म्हणे, काम उद्या. कसलं काम देव जाणे.

सत्यशीला दारातच उभी होती. पोट चांगलं दिसते. खोलीत कोळशाची बारीक भुकटी, पुसा का लगेच बसते, तरी पोरीनं भांडे चकचकीत ठेवले. मोटारीच्या पाठीवरचं आपलं नाव तिनं पाह्यलं. हसली. मग शेवटच्या लहान अक्षराजवळ थांबली, त्याच्यावरून बोट फिरवलं. आत आली अन् बापाचा हात धरून बसली. जेवण होईपर्यंत सोडला नाही.

मोरीवर मले म्हणे, "माय, बाबाचा हात असा कधीपासून?"

"मोटारीनं केलं. आता दुरुस्त झाली, जाईन."

पोरीनं माझ्याकडं असं पाह्यलं जसं मी तिचं लेकरू आहे.

९ मार्च

आलो. पोर घरी निजली आहे.

यवतमाळले मिस्त्री दुकानापाशी उतरला. म्हणे, "इथून पुढं रस्ता चांगला आहे, भाऊ. सावकाश न्या." पोर मागं, उशा लावून. मले म्हणे, "माय, तू पुढं बस. बाबाजवळ."

यांनी चालवलं. बैलगाडीच्या मागं मागं, काटा पंधरा. भोंगा वाजवला नाही, पुढं काढलं नाही. मी काही बोलली नाही, हे माझ्यासाठी लय झालं. मी समोरच्या चाकाकडं पाहून राह्यली होती. चाक सरळ. मडगार्ड हलून नाही राह्यलं. शेटीण चूप.

अन् स्टेरिंगवर ठेवलेला उजवा हात चूप नव्हता.

मी माझा हात त्याच्यावर ठेवला. माझ्या तळव्याखाली पाखरू धरल्यासारखं. त्यांनी काढून नाही घेतला. रस्त्याकडं पाहतच म्हणे, "मोटारीचं नाही वं हे."

मी म्हणलं, "पुढं पाहून चालवा."

नेर येईपर्यंत हात तसाच. आज आणखी लिहीत नाही.

२८ मार्च

यवतमाळच्या डाक्टरले दाखवलं. मी आधीच विचारून घेतलं, मोटारीनं होते का? म्हणे, नाही, हा अंगातला रोग आहे. बरा होत नाही, हळूहळू वाढते. औषध दिलं, म्हणे थोडा फरक पडला तं पडन.

खाली पायरीवर बसलो. मी म्हणलं, "तुमाले माहीत होतं." म्हणे, "दिवाळीपासून." "मंग मले काहून नाही सांगतलं?" म्हणे, "तू मोटारीच्या मागं लागली होती. वाटलं, दुरुस्त करू दे तिले. एक तं दुरुस्त होईन."

मागं मी या वहीत लिहिलं, मोटारीनं केलं म्हणून. ते खोडत नाही. त्या दिवशी ते हसले होते.

शेटीण विकत नाही. जावयाले मी निरोप पाठवला, खाण सोड, खोकून खोकून मरशीन, इथं येऊन मोटार शिक. यांना न विचारता पाठवला. विचारलं असतं तं महिना गेला असता.

१९ एप्रिल

धर्मपाल आला. हे बाजूले बसून शिकवतात. सासरा-जावई दोघंही लाजरे. "जरा गिअर बदलता का जी?" "बदलतो जी." अशानं मोटार शिकणं होते का? मी मागून ओरडली, "ब्रेक मार रे, म्हैस आहे!" धर्मपाल म्हणे, "आई, तुमी घरीच राहत जा ना." हे लय हसले.

१७ मे

पोरगी झाली. दोघी ठीक आहेत. दाई रुखमाबाई म्हणे, आवाज मोठा आहे, आजीवर गेली. जाऊ दे गेली तं.

यांनी दारातूनच पाह्यलं. घ्या म्हणलं तं दोन्ही हात मागं बांधले.

२१ जून

मले आज एक गोष्ट लिहायचीच आहे.

लेकरू झाल्यापासून यांनी तिले उचललं नाही. "पडन वं." पाळण्याजवळ बसतात, माशी हाकलतात, पण हात लावत नाही. सत्यशीला म्हणे, "बाबा, घ्या ना." तं उठून शेटीण पुसायले जातात. मी चार वेळा भांडली. उपयोग नाही.

लेकरू दुपारी रोज रडते. पोटात दुखत असन. आज सत्यशीला आंघोळीले, माझी भाकर तव्यावर, अन् ही पोट्टी घर डोक्यावर घेऊन राह्यली. मी एका हातानं थापून राह्यली, एका हातानं झोका देऊन राह्यली. हे ओट्यावर बसून नुसते पाहून राह्यले. माझं डोकं गेलं. लेकरू उचललं, यांच्या मांडीवर उशी आपटली, उशीवर लेकरू ठेवलं, यांचा उजवा हात धरून तिच्या पाठीखाली घातला. "नाही पडत! धरा!" अन् चुलीकडं आली.

मागं एकदम चूप झालं.

मले वाटलं, पाडलं का काय. वळली. हे भिंतीले टेकून दगडासारखे बसले होते, श्वासही घेऊन नव्हते राह्यले. फक्त हात हलून राह्यला होता. डावा-उजवा, डावा-उजवा, बारीक बारीक, कोणी कधी पाळणा हलवला नसन असा. अन् पोरगी डोळे उघडे ठेवून यांच्या तोंडाकडं पाहत होती. मग तिनं जांभई दिली. झोपली.

"मथुरे," यांनी हळूच म्हणलं, "मी नाही हलवून राह्यलो."

"माहीत आहे."

तेवढ्यात देवीलाल मिस्त्री आला, धर्मपालसंग, यवतमाळहून. आता इथं काय झालं ते त्याले माहीत नाही. दारातूनच म्हणे, "काय म्हणते बाई, आणखी काही थरथरते का? आलोच आहो तं पाहून घेतो."

मी म्हणलं, "एक आहे. पण त्याले तुमी हात लावू नका."

भाकर तव्यावर काळी झाली. होऊ दे.